चाळीस बिटांचं माप

आपल्याकडे धान्य मोजायला शेर होता, पायली होती. जेवढं धान्य, तेवढं माप. संगणकातही आकडा ठेवायला मापं असतात, पण बहुतेक भाषांमध्ये तयार मिळतात ती मोजकीच: ८, १६, ३२ आणि ६४ बिटांची. बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढी जागा. एक बिट वाढलं की माप दुप्पट होतं.

३२ बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ एवढा आकडा मावतो. आपला दहा अंकी मोबाइल नंबर ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे तो यात मावतच नाही. तरीही कोंबला, तर काही भाषा तक्रार न करता वरचा भाग कापून टाकतात. दहा वेळा ९ लिहिलेला आकडा मग १,४१,००,६५,४०७ होऊन बसतो!

आता आधार क्रमांक घ्या. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी दिलं गेलं. क्रमांक १२ अंकी. त्याला ३९ बिटं कमी पडतात, ४० पुरतात. अक्षरांसारखा साठवला तर त्याला १२ बाइट लागतात, ६४ बिटांच्या मापात ८ आणि ४० बिटांत फक्त ५. पण ४० बिटांचं माप तयार मिळत नाही.

इथे लायब्ररी कामाला येते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅमला जोडता येणारा कोड. रस्ट या भाषेसाठी 'यूएक्स' नावाची अशी लायब्ररी आहे. ती ७, ९, ४०, ६३ अशी अधलीमधली मापं देते. गंमत म्हणजे तिचा ४० बिटांचा आकडा मेमरीत ६४ बिटांचीच जागा घेतो. जागा वाचवायची तर फाइलमध्ये लिहिताना पाच बाइट आपणच मोजून लिहायचे.

मग फायदा काय? शिस्तीचा. मापाबाहेरचा आकडा भरायला गेलात, तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. चूक पुढे कुणाच्या खात्यापर्यंत पोहोचण्याआधी सापडते. सी भाषेच्या सी२३ या मानकात तर हव्या तेवढ्या बिटांचे आकडे भाषेतच आले.

मात्र माप निवडायचं काम माणसाचंच. आदिलाबादचा पिनकोड ५०४००१. तो १९ बिटांत आरामात बसतो, कारण १९ बिटांची मर्यादा ५,२४,२८७ आहे. मुंबईचा ४००००१ सुद्धा बसतो. एवढं पाहून कुणी १९ बिटांचं माप ठरवलं, तर पाटण्याचा ८००००१ दारातच अडेल. सगळ्या देशाला २० बिटं लागतात.

घरात कुणी कोडिंग शिकत असेल, तर आज जेवताना विचारा: घरच्या वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकाला किती बिटं लागतील? आणि पुढच्या गल्लीतल्या घराच्या क्रमांकालाही तेवढी पुरतील का?