विझलेली चूल व शेजारचा निखारा

पूर्वीं खेड्यांत एखाद्या घरची चूल विझली, तर शेजारच्या घरून निखारा आणून ती पुन्हा पेटवीत असत. एक चूल विझल्यानें गांव उपाशी राहत नसे. मात्र घरें एकमेकांपासून फार दूर असतीं, तर निखारा वाटेंतच विझला असता. अरण्यांचे व कुरणांचे लहान लहान तुकडे झाले, म्हणजे त्यांतील जीवांची स्थिति कांहींशी अशीच होते.

फिनलंड व स्वीडन यांच्यामधील समुद्रांत ऑलंड नांवाचा द्वीपसमूह आहे. तेथें सुमारें ४,००० लहान, कोरडीं कुरणें विखुरलेलीं असून त्यांत ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी नांवाचें फुलपाखरूं राहतें. आपल्या इसबगोलाच्या कुळांतील एक वनस्पति हें त्याच्या सुरवंटांचें मुख्य खाद्य होय. फिनलंडचे शास्त्रज्ञ इल्का हान्स्की व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९९३ पासून दरवर्षीं हीं सर्व कुरणें धुंडाळून सुरवंटांचीं रेशमी घरटीं मोजण्यास आरंभ केला. त्यांना असें आढळून आलें कीं, कोणत्याही एका वर्षीं बहुतेक कुरणें रिकामींच असतात. लहान कुरणांतील वस्ती अवर्षणानें अथवा परोपजीवी कीटकांमुळें थोड्याच वर्षांत नष्ट होते. परंतु त्याच वेळीं शेजारून उडून आलेल्या माद्या दुसऱ्या रिकाम्या कुरणांत अंडीं घालतात. एकेक वस्ती क्षणभंगुर, पण समुदाय टिकाऊ! अशा समुदायाची गणिती उपपत्ति अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड लेव्हिन्स यांनीं १९६९ सालींच मांडली होती.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, रिकामें कुरण निरुपयोगी नव्हे. तें उद्यांचें घर होय. तें नांगरून टाकलें, तर आज एकही फुलपाखरूं मरणार नाहीं. पण अशीं कुरणें एका मर्यादेखालीं गेलीं, म्हणजे कांहीं शिल्लक असतांनाही सारा समुदाय लयास जातो. दुसरी ही कीं, हें फुलपाखरूं दोनतीन किलोमीटरांपलीकडे क्वचितच जातें. येण्याजाण्याची वाट तुटली, म्हणजे लहान वस्तींत निकटच्या नात्यांतच जोड्या जमतात व प्रजा दुर्बल होते. ज्या वस्त्यांत हा दोष अधिक, त्या नष्ट होण्याचा संभवही अधिक, असें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

हाच न्याय आपल्या वाघासही लागू आहे. नागपुराच्या उत्तरेस पेंचच्या अरण्यांतून ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. तो रुंद करतांना महाराष्ट्राच्या हद्दींत त्याच्याखालून जनावरांसाठीं मोकळ्या वाटा ठेवण्यांत आल्या; त्यांतील सर्वांत मोठी ७५० मीटर रुंदीची आहे. तेथें बसविलेल्या कॅमेऱ्यांनीं वाघांस पुलाखालून जातांना टिपलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, बांधावरचीं झुडपें, ओढ्याकांठची झाडी, गांवाबाहेरची देवराई यांस आपण सहज पडीक जागा म्हणतों. तीं तोडण्यापूर्वीं क्षणभर थांबून विचारावें: कोणाचा निखारा या वाटेनें जात असेल?