हसवणारी भुतं (लेखांक ७) : सासरच्या वाड्यातली बंद खोली

'झपाटलेला' मराठी पडद्यावर आला ते वर्ष १९९३. त्याच वर्षाच्या नाताळात केरळात 'मणिचित्रत्ताळ' हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक फाझिल, लेखक मधु मुट्टम. मराठी प्रेक्षकाला तो बहुधा त्याच्या हिंदी अवतारातून, म्हणजे 'भूल भुलैया'तून (२००७) माहीत असतो. पण सासरचं घर, त्या घरातलं भूत आणि त्या भुताभोवतीचं हसू या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंफायच्या, हे समजून घ्यायचं तर मूळ मल्याळम चित्रपटाकडेच जायला हवं. म्हणून आजचा संपूर्ण लेख त्याच्यावर. कथेतलं रहस्य इथे उघड होणार आहे, हे आधीच सांगतो.

नकुलन आणि त्याची बायको गंगा कलकत्त्याहून नकुलनच्या गावी येतात. माडंपळ्ळी हा त्याच्या घराण्याचा जुना वाडा बरीच वर्षं ओस पडलेला आहे. तिथे राहायचं नाही, असं घरातले वडीलधारे तंपी निक्षून सांगतात. नकुलन इंजिनिअर, त्याला हे सगळं खुळचट वाटतं. जोडपं वाड्यात मुक्काम ठोकतं आणि काळजीपोटी उरलेलं कुटुंबही मागोमाग येतं. म्हणजे सून सासरी आली ती एकटीच नाही, तिच्यापाठोपाठ सासरच सुनेच्या घरी राहायला आलं. दिवसा स्वयंपाकघरात गप्पा, रात्री पैंजणांचा आवाज.

केरळातलं जुनं घर म्हणजे नालुकेट्टु. मधे अंगण आणि चार दिशांना चार सोपे, साधारण आपल्या चौसोपी वाड्यासारखी मांडणी. दक्षिणेकडच्या सोप्याला तेक्किनी म्हणतात. माडंपळ्ळीची तेक्किनी कुलूपबंद आहे आणि चित्रपटाचं नाव त्या दारावरच्या नक्षीदार कुलपावरून आलं आहे. आत काय आहे, याची कथा घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. कित्येक पिढ्यांपूर्वी शंकरन तंपी नावाच्या कर्त्या पुरुषानं तंजावूरहून नागवल्ली नावाची नर्तकी आणून इथे ठेवली. तिचं प्रेम रामनाथन या नर्तकावर. तो वाड्यामागच्या घरात येऊन राहिला. तंपीला ते कळलं आणि दुर्गाष्टमीच्या रात्री त्यानं तिला ठार मारलं. तिचा सूड अजून बाकी आहे, असं घर मानतं.

वाड्याचं चित्रीकरण प्रामुख्यानं दोन ठिकाणी झालं : त्रिपुणितुरा इथला हिल पॅलेस आणि पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा. पद्मनाभपुरम ही एके काळची त्रावणकोरची राजधानी. तो राजवाडा आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे, पण त्याचा कारभार केरळ सरकार पाहतं. मल्याळी घरात तमिळ बाई अडकून पडल्याच्या कथेला याहून योग्य जागा मिळाली नसती.

तंजावूरचा उल्लेख मराठी वाचकानं नुसता वाचून सोडू नये. १६७६ ते १८५५ तिथे भोसल्यांचं राज्य होतं. सरफोजीराजे दुसरे यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमचा जो क्रम शिकवला जातो, त्याची घडी त्यांनी बसवली. त्यांतला वडिवेलू पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या आश्रयाला गेला. तंजावूरचं नृत्य केरळात पोहोचण्याची ही वाट खरी आहे. नागवल्ली काल्पनिक असली, तरी ती आली तो रस्ता काल्पनिक नाही. आणि त्या रस्त्याच्या एका टोकाला मराठी दरबार होता.

आता भयाकडे आणि हसण्याकडे वळू. या लेखमालेत आपण वारंवार पाहिलं की भयविनोदी चित्रपटात हसू बहुतेक वेळा ताण सैल करायला येतं. भीतीचा एक प्रसंग, मग विनोदाचा एक, पुन्हा भीती. फाझिल यांनी हा हिशेब बदलला. इथे विनोद तपास चुकवतो. तो आपली नजर दुसरीकडे खेचून नेतो आणि तेवढ्या वेळात खरी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडून जाते.

इनोसंट यांनी साकारलेला उण्णित्तान घ्या. घरातला हा भित्रा पुरुष अंधार पडला की मंत्र पुटपुटायला लागतो, प्रत्येक सावलीत त्याला नागवल्ली दिसते. त्याची बायको भासुरा, म्हणजे केपीएसी ललिता, त्याच्याहून खमकी. कुतिरवट्टम पप्पूंचा काट्टुपरंबन तर कोरड्या जमिनीवर पाणी साचलंय असं समजून उड्या मारत चालतो. आपण पोट धरून हसतो. हसताना आपल्या मनात एक विभागणी पक्की होते : भुतावर विश्वास ठेवणारे ते अडाणी, गमतीदार लोक, आणि शहरातून आलेली, पुस्तकं वाचणारी, कुतूहलानं डोळे मोठे करणारी गंगा ती शहाणी, आपल्यातली. तिच्याकडे कोणी संशयानं बघतच नाही.

आणि गंगा तर सगळं उघडपणे करते आहे. नवी किल्ली करवून घेऊन तेक्किनीचं दार तीच उघडते. नागवल्लीची गोष्ट ती ज्या ओढीनं ऐकते, ती ओढ कॅमेरा लपवत नाही. नंतर घरी आलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. सनीला ती ही खोली दाखवायला नेते. भिंतीवरचं चित्र, पैंजण, दागिने एकेक करून दाखवताना तिचा आवाज चढत जातो, बोलण्यात मालकीचा सूर येतो. पहिल्यांदा पाहताना हा नव्या सुनेचा उत्साह वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना तोच प्रसंग अंगावर येतो. गंगा साकारणाऱ्या शोभना यांचा अभिनय याच जागी सगळ्यात मोठा आहे, असं माझं मत आहे. शेवटच्या नाचापेक्षाही मोठा.

मग संशय कुणावर जातो? श्रीदेवीवर. तंपींची ही मुलगी. पत्रिकेत मंगळ, म्हणून लग्न मोडलं आणि ती माहेरी परतली. कमी बोलते, एकटी वावरते. साडीला आग लागते, घड्याळ फुटतं, विषप्रयोगाचा प्रयत्न होतो आणि घरातल्या सगळ्या बोटांचा रोख तिच्याकडे वळतो. मंगळाची मुलगी म्हणून घरच्यांच्या बोलण्यात जे ऐकावं लागतं, ते महाराष्ट्रातल्या बायकांना वेगळं समजावून सांगायला नको. हा चित्रपट प्रेक्षकालाही त्या संशयात सामील करून घेतो आणि नंतर त्याला स्वतःच्या संशयाची लाज वाटायला लावतो. आपण उण्णित्तानला हसत होतो, पण अंधश्रद्धा आपल्याही डोक्यात काम करत होती, हे तेव्हा कळतं. या चित्रपटातला विनोद मला म्हणूनच थोर वाटतो. एका माणसाला हसता हसता आपण दुसऱ्या माणसावर अन्याय केला, हे तो आपल्याला दाखवून देतो.

मोहनलाल यांचा डॉ. सनी बराच उशिरा येतो. तेव्हाच्या सर्वांत मोठ्या नटाला इतका वेळ पडद्याबाहेर ठेवणं हा धाडसाचा निर्णय होता. पण त्यामुळे तोवर चित्रपट घराचा आणि गंगेचा राहतो. सनी मनोविकारतज्ज्ञ आहे. येताच तो चेष्टामस्करी सुरू करतो आणि आपल्याला वाटतं, आणखी एक विनोदी पात्र आलं. त्याच मस्करीच्या आडून तो घरातल्या प्रत्येकाला तपासत असतो. म्हणजे पटकथेनं प्रेक्षकावर वापरलेली युक्ती सनी घरच्यांवर वापरतो.

गंगेचं दुखणं कुठून आलं? लहानपणी आईवडील कलकत्त्याला आणि ती गावात आजीजवळ. एके दिवशी तिला तिथून अचानक उचलून शहरात न्यायचं ठरलं. हातातलं घर सुटलं ते पुन्हा मिळालंच नाही. लग्न झालं तर नवरा कामात बुडालेला. अशी मुलगी पहिल्यांदा एका मोठ्या, भरल्या, जुन्या घरात येते आणि त्या घरात तिला स्वतःची वाटणारी एकच बाई सापडते : तिच्यासारखीच दूरवरून आणलेली, तिच्यासारखीच खोलीत एकटी ठेवलेली नागवल्ली. सासरी रुजण्यासाठी सुनेला कुणाचा तरी हात लागतो. गंगेनं मेलेल्या बाईचा हात धरला.

इथे तो प्रसिद्ध प्रसंग येतो. नकुलनला गंगेच्या आजाराची खात्री पटवून देण्यासाठी सनी त्याला एक प्रयोग करायला सांगतो. घरातल्या अल्ली या मुलीच्या लग्नाच्या दागिन्यांची खरेदी आहे. गंगा तयार होऊन निघते. नकुलननं आधी हो म्हणायचं आणि ऐनवेळी अडवायचं. गंगा आधी विनवते, मग रागावते, मग तिचे डोळे बदलतात, भाषा बदलते. मला जाऊ देणार नाहीस का, असं ती तमिळमध्ये विचारते आणि जड पलंग एका हातानं उचलते. खरेदीला जाऊ न दिल्याबद्दलचा हा राग एरवी विनोदी चित्रपटात नवराबायकोच्या कुरबुरीचा झाला असता. तोच इथे भयाचा शिखरबिंदू झाला आहे. घराबाहेर पडण्याची परवानगी, हा विषय नागवल्लीचाही होता आणि गंगेचाही आहे. शतकं बदलली तरी उंबरठ्यावर उभा असलेला पुरुष तोच.

या क्षणी पडद्यावरचा आवाजही दुसऱ्या कुणाचा असतो. गंगेचं मल्याळम बोलणं भाग्यलक्ष्मी या डबिंग कलावतीचं, तर नागवल्लीचं तमिळ दुर्गा यांनी बोललेलं. अनेक वर्षं दोन्हींचं श्रेय भाग्यलक्ष्मींनाच मिळत राहिलं. पुढे फाझिल यांनी स्वतः ते दुरुस्त केलं. गाण्यांतही हा भेद जपलेला आहे. एम. जी. राधाकृष्णन यांनी मल्याळम गाण्याला आहिरी राग दिला आणि नागवल्लीच्या तमिळ गाण्याला कुंतलवराळी.

शेवट मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझा चित्रपटाशी मतभेद आहे. दुर्गाष्टमीच्या रात्री तांत्रिक ब्रह्मदत्तन (तिलकन) आणि सनी मिळून उपाय योजतात. नागवल्लीला तिचा सूड घेऊ द्यायचा. फिरत्या चौथऱ्यावर ऐनवेळी नकुलनच्या जागी पुतळा येतो, तलवारीनं त्याचं डोकं उडतं आणि गंगा बरी होते. मनोविकार असे एका रात्रीत जात नाहीत, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. नागवल्लीचा राग न्याय्य होता. तिला पुतळा देऊन शांत केलं जातं, आणि ज्या घरानं तिला मारलं ते घर जसंच्या तसं उभं राहतं. सनी श्रीदेवीला मागणी घालतो, तेवढीच काय ती भरपाई. एवढा धीट चित्रपट शेवटी घराण्याच्या बाजूनं उभा राहतो, याची मला खंत आहे.

या भूमिकेसाठी शोभना यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर कथा देशभर फिरली : कन्नडमध्ये 'आप्तमित्र' (२००४), तमिळमध्ये 'चंद्रमुखी' (२००५), बंगालीत 'राजमहल' (२००५) आणि मग हिंदीत 'भूल भुलैया'. 'आप्तमित्र' प्रदर्शित झाला तेव्हा त्यातली नायिका सौंदर्या हयात नव्हती. हिंदी चित्रपटाचे दिग्दर्शक प्रियदर्शन मूळ चित्रपटाच्या दुसऱ्या चित्रीकरण-पथकात होते, शिवाय तांत्रिकाची भूमिका विक्रम गोखले यांच्याकडे आली आणि त्यांनी तिला वजन दिलं.

या रूपांतरांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मल्याळम घरातलं भूत तमिळ बोलतं. तमिळ चित्रपटात ते तेलुगू बोलतं. हिंदीत, राजस्थानी वाटणाऱ्या हवेलीत, ते बंगाली बोलतं. प्रत्येक घर आपलं भूत दुसऱ्या प्रांतातून आणतं. परक्या मुलखातून आलेली, आपली भाषा न बोलणारी बाई हीच घराण्याला सगळ्यात मोठी धास्ती वाटते. आणि बाहेरून आलेली बाई म्हणजे दुसरं कोण? सूनच की. 'मणिचित्रत्ताळ'च्या पटकथेला हे पक्कं माहीत आहे. नंतरच्यांना ते हळूहळू विसरायला झालं. 'भूल भुलैया'च्या २०२२च्या दुसऱ्या भागात तर खरंखुरं भूत आलं आणि कथेचा कणाच गेला. भूत खरं असेल, तर घर निर्दोष ठरतं.

मूळ चित्रपट ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या डिजिटल प्रतीत पुन्हा चित्रपटगृहांत लागला होता. 'भूल भुलैया' पाहिला असेल त्यांनी तर तो आवर्जून पाहावा, उपशीर्षकांसह आणि शक्य तर दोनदा. दुसऱ्या वेळी उण्णित्तानवरची नजर काढून त्याच प्रसंगांत गंगा काय करते आहे, तेवढंच बघा.

पुढच्या आठवड्यात महेश कोठारे यांचा 'पछाडलेला' (२००४). वाचकांनी तो तोवर पुन्हा एकदा पाहून ठेवावा.