लूना चढ ओढेना? बोअर करण्याआधी धुराडे बघा

सभासद बंधूंनो, गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या सातारा-सांगली भागातले रस्ते दिवस उजाडायच्या आत भरून जातात. ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि त्यांच्यामधून वाट काढणारी, मागे वाढ्याची पेंढी बांधलेली एखादी मोपेड. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ५० सीसीची लूना आणली आणि सायकलीला जणू इंजिनच मिळाले. पेट्रोलवरची ती लूना आता बनत नाही. २०२४ साली त्याच नावाची बॅटरीवरची गाडी आली. तरी जुन्या टू-स्ट्रोक मोपेडी अजून कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पडवीत आहेत आणि रानात जा-ये करतात. त्यांचे नेहमीचे दुखणे एकच. गाडी चालू होते, पण ओढत नाही.

आमचेही तेच झाले. सपाटीला गाडी कशीबशी चालायची, यवतेश्वराच्या घाटाला लागली की दम टाकायची आणि आम्ही पायडल मारत वर जायचो. एका फिटरने आवाज ऐकूनच सांगितले, "रिंगा गेल्या, बोअर करावा लागेल." ऐन हंगामात आठ दिवस गाडी उभी, पिस्टनचा खर्च वेगळा. गाडी हातात आली तर ओढ तेवढीच! शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सायलेन्सर उतरवला, आत तार घातली, ती निम्म्यातच अडली. आतली जाळी काजळीने बंद झाली होती. खरवडल्यावर गाडी पहिल्यासारखी पळाली. पिस्टनचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

यातले कारण गुऱ्हाळ पाहिलेल्याला लगेच कळेल. धुराडे तुंबले की चुलवाणात कितीही चिपाड घाला, जाळ धरत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. त्याची काजळी धूर निघण्याच्या भोकाला आणि सायलेन्सरला आतून बसत जाते. जुना धूर बाहेर गेला नाही तर नवी हवा आत येणार कुठून? म्हणून गाडी चालू होते, हळू चालते, पण मूठ पिळली की गुदमरते.

तेव्हा इंजिन उघडण्याआधी क्रमाने बघा. आधी बिनपैशाचे.

पहिले चाक. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल, चेन फार ताणलेली असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल, तर दोष इंजिनाचा नाहीच.

दुसरे पेट्रोल आणि हवा. दोन-तीन किलोमीटर चालून गाडी बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडले की परत चालू होते का? मग झाकणातले हवेचे भोक बुजले आहे. कॉकमधून पेट्रोलची धार नीट येते का, तेही पाहा. हवेची जाळी पाचटाच्या धुळीने भरली असेल तर ती धुऊन, वाळवून बसवा.

तिसरे प्लग. काढून रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त होते आहे. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे. अशी गाडी दामटली तर पिस्टन धरतो. ऑइल अंदाजाने ओतू नका. दोन टक्के म्हणजे लिटरला २० मिली, चार टक्के म्हणजे ४० मिली. आपल्या गाडीला किती, ते तिच्या पुस्तकात बघून मापाने घाला.

चौथे सायलेन्सर. थंड झाल्यावर उतरवा, आतली जाळी निघत असेल तर काढून खरवडा. इंजिनाचे धुराचे भोक साफ करताना पिस्टनने ते झाकले जाईल असे इंजिन फिरवून घ्या, म्हणजे काजळी आत पडणार नाही. खरवडायला लाकडाची चपटी काडी घ्या, पटाशी नको. पिस्टनला ओरखडा पडला तर नवे दुखणे. काही जण सायलेन्सर जाळून साफ करतात. ते काम पेट्रोलपासून लांब, मोकळ्या जागी. पाचट पडलेल्या रानात तर मुळीच नको.

एवढे करूनही गाडी ओढेना, तरच रिंगा. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारून बघा. अंगठा जोराने उचलला जात नसेल तर मिस्त्रीचे म्हणणे खरे असू शकते.

जाता जाता एक आपल्या घरची गोष्ट. २०२५ साली देशात पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत पोहोचले आणि त्यात उसाचा वाटा आहे. आपल्याला त्याचा आनंदच आहे. पण इथेनॉल पाणी ओढते, आणि जुन्या गाड्यांचे रबर त्याच्यासाठी बनवलेले नव्हते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीतले पेट्रोल आधी काढून टाका. तळाशी पाणी साचलेले असू शकते. नळी फुगली किंवा चिरली असेल तर बदला.

पैसे खर्चायला मिस्त्रीचे दुकान कुठे पळून जात नाही. आधी अर्धा तास आपला, मग पिस्टन!