सुरकुत्यांचा कुत्रा आणि संकर

कामगार चळवळीतल्या माणसाने कुत्र्यांवर बोलावे, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. आम्हांसही वाटले. परंतु प्रश्न चाळीतून आला, आणि आला तो बोनसच्या पैशांतून.

विठ्ठलवाडीस आमच्या शेजारी राहणाऱ्या एका साथीने मुलाच्या हट्टापायी पग जातीची कुत्री विकत घेतली. बसके नाक, वाटोळे डोळे, कपाळावर आठ्या. जणू जन्मतःच घरभाड्याची चिंता लागलेली. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत हा कुत्रा एका मुलामागे चालत गेला आणि घरोघरी ठाऊक झाला. कित्येक जण त्याला अजून 'हचचा कुत्रा'च म्हणतात. दोन वर्षांनी साथीने विचारले, "अण्णा, हिला पिल्ले झाली तर पैसे वसूल होतील. जातिवंत नर पाहू, की कोणत्याही कुत्र्याशी लावली तरी चालेल?" महागाईभत्त्याचे उत्तर आम्हांस तोंडपाठ असते, याचे नव्हते. म्हणून पुस्तके उघडली, गुरांच्या डॉक्टरांस विचारले.

आठी ही नुसती शोभा नव्हे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पगाची कवटी आखूड केली. हाड आखूड झाले, पण कातडी, जीभ, टाळूचा मऊ पडदा त्या मानाने आटले नाहीत. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगात घातला म्हणजे जशा चुण्या पडतात, तशा त्या बाहेर पडल्या, आणि आत घशातही पडल्या. टाळूचा पडदा श्वासनळीच्या तोंडावर येतो, म्हणून हा कुत्रा घोरतो. लोक हसतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. ज्याची हवेची वाटच अरुंद, त्याने वैशाखात पत्र्याच्या छपराखाली काय करावे? पावसाळ्यात आठ्यांत ओल साचते, कातडी सडते. वर आलेल्या डोळ्यांना जखमा होतात त्या वेगळ्याच.

सुरकुत्यांचा खरा राजा म्हणजे चीनमधील शार-पेई. ही जात नामशेष होण्याच्या बेतात होती. १९७३ साली हाँगकाँगच्या मॅटगो लॉ यांनी ती वाचवण्याची हाक अमेरिकेतील श्वानप्रेमींस दिली. तिकडे अधिकाधिक सुरकुत्यांच्या कुत्र्यांस मागणी आली. २०११ साली स्वीडन व अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की या कुत्र्यांच्या एका गुणसूत्रावरील विशिष्ट तुकडा पुनःपुन्हा उतरलेला असतो. त्यामुळे कातडीत हायलुरोनिक आम्ल हा बुळबुळीत पदार्थ बेसुमार साचतो व सुरकुत्या येतात. आणि तुकड्याच्या प्रती जितक्या अधिक, तितका वारंवार ताप येण्याचा धोकाही अधिक. गिऱ्हाइकाने सुरकुती मागितली. ताप त्याच पुडीत बांधून मिळाला.

मग संकर करावा काय? हा शब्द उच्चारताच आमच्याकडे नाके मुरडतात. 'वर्णसंकर' ही जुनी शिवी त्यामागे उभी असते. पण नाक मुरडणाऱ्यांच्या चहात संकरित गाईचे दूध असतेच. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरळी कांचनला स्थापन केलेल्या संस्थेने असे गोसंकर खेडोपाडी नेले. उलट शुद्ध रक्ताचा हिशेब पाहा. २००८ साली लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील संशोधकांनी इंग्लंडमधल्या वंशावळ्या तपासल्या, तेव्हा सुमारे १०,००० पगांतली आनुवंशिक विविधता अवघ्या ५० कुत्र्यांइतकी निघाली.

कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईचे, एक बापाचे. पग आईला लांब नाकाचा गावठी बाप मिळाला, तर पहिल्या पिढीत नाक बहुधा मधल्यामध येते, कातडी बरीच बसते. दोषाचे बीज एकाच बाजूने आले तर पुष्कळदा दबून राहते. पण दबलेले बीज नाहीसे होत नाही. हीच पिल्ले आपसांत लावली, तर पुढल्या पिढीत कोणाचे नाक आजीचे, कोणाचे आजोबाचे. पगाला पेकिनीजशी किंवा बुलडॉगशी लावून तर काहीच साधत नाही. सगळे बसक्या नाकाचेच. आणि लहान कुत्रीला थोराड नर दिला तर पिल्ले मोठी होऊन बाळंतपण अडते.

खरा संकर ही एका दिवसाची गोष्ट नव्हे. ठिपक्यांच्या डाल्मेशियन जातीच्या मूत्रात यूरिक आम्ल फार, त्याचे खडे होतात. आणि जातीत निर्दोष बीज उरलेच नव्हते. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शैबल यांनी एकदाच पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला, आणि पुढे प्रत्येक पिढीत निर्दोष पिल्ले निवडून पुन्हा डाल्मेशियनशीच लावली. ठिपके परत आले, दोष गेला. तरी रक्त बाटल्याची तक्रार होतीच. अमेरिकन केनेल क्लबाने या वंशाला नोंदीची वाट मोकळी केली ती २०११ साली. अडतीस वर्षे! आमच्या मागण्याही क्वचितच इतक्या रखडल्या असतील.

साथीला आम्ही हे सारे सांगितले. केंद्र सरकारचे २०१७ सालचे नियमही दाखवले: विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला नोंदणी हवी, अठरा महिन्यांआधी कुत्रीची वीण घेता येत नाही, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही.

"म्हणजे पैसे बुडाले," तो म्हणाला.

आम्ही हो म्हटले. डॉक्टरांनी कुत्रीला तपासून सांगितले, हिला स्वतःलाच श्वास पुरत नाही, गर्भ झेपायचा नाही. मग नसबंदी झाली, तीही भूल देताना फार जपून. आता पाळीवरून आल्यावर तो मऊ फडक्याने तिच्या आठ्या पुसून कोरड्या करतो, आणि मुलगा तिला दिवस मावळल्यावरच फिरायला नेतो, पट्टा गळ्यात न बांधता छातीला बांधून.