तबकडीचे यंत्र घेताना

दोन वर्षांमागची गोष्ट. रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मला देवळाच्या पडवीत गाठले. घरातील चित्रपटांचे जुने यंत्र बिघडले होते. "फादर, आता ब्लू-रेचे घ्यावे म्हणतो. कसले घेऊ?" मी फारसा विचार न करता सांगून टाकले, "मुलगा आखातात आहे ना? त्यालाच आणावयास सांगा. तिकडे माल चांगला मिळतो."

मुलाने पगारातून पैसे बाजूला टाकले आणि रजेवर येताना दुबईहून यंत्र आणले. उपवासकाळातील एका शुक्रवारी सारे घर प्रभूच्या दुःखसहनाचा चित्रपट पाहावयास बसले. शेजारी आले होते, मलाही बोलावणे होते. आजीबाई जपमाळ हाती घेऊन अगदी पुढे बसल्या होत्या. घरात पूर्वीपासून जपलेली डीव्हीडी आत सरकविली, आणि चित्राऐवजी पडद्यावर एक सूचना उमटली: ही तबकडी या यंत्रावर चालणार नाही. मुलगा खाली मान घालून बसला. वस्तुतः चूक त्याची नव्हती. विषय न जाणता सल्ला देणारा मीच चुकलो होतो. त्यानंतर चौकशी करून जे शिकलो, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहे.

चित्रपट-व्यवसायाने जगाचे विभाग पाडले आहेत आणि कंपनीने विकलेली तबकडी बहुधा आपल्याच विभागाच्या यंत्रावर चालते. डीव्हीडीच्या हिशेबात भारत ५ व्या विभागात येतो, तर आखाती देश २ ऱ्या विभागात. ब्लू-रेसाठी भारत 'सी' विभागात आहे, आखात व युरोप 'बी'मध्ये, आणि अमेरिका व जपान 'ए'मध्ये. ही खूण वेष्टनाच्या मागील बाजूस छापलेली असते. काही तबकड्या सर्व विभागांना मोकळ्या असतात. घरच्या लग्नाच्या किंवा पहिल्या कम्युनियनच्या तबकड्यांनाही हे बंधन नसते. तेव्हा यंत्र परदेशातून येणार असेल, तर घरातील तबकड्यांवर कोणती खूण आहे, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट दूरचित्रवाणी संचाची. चित्र असंख्य बारीक ठिपक्यांनी बनते. आपल्याकडील डीव्हीडीच्या चित्रात आडवे ७२० व उभे ५७६ ठिपके असतात, तर ब्लू-रेच्या चित्रात १९२० व १०८०. म्हणूनच ब्लू-रेवर चेहऱ्यावरील सुरकुती आणि वस्त्राचा पोतही स्पष्ट दिसतो. परंतु पुष्कळ घरांतील ३२ इंची संच केवळ १३६६ व ७६८ ठिपकेच दाखवू शकतात. अशा संचावर ब्लू-रेचा पूर्ण लाभ मिळत नाही. शिवाय बहुतेक नव्या ब्लू-रे यंत्रांची जोडणी केवळ एचडीएमआय तारेने होते. जुन्या पेटीवजा संचाला ती तार लावण्याची जागाच नसते. म्हणून प्रथम संच पाहावा, मग यंत्र.

तिसरी गोष्ट तबकडीच्या जातीची. ब्लू-रेचे यंत्र डीव्हीडीही चालविते, पण डीव्हीडीच्या यंत्रावर ब्लू-रे चालत नाही. २०१६ साली याहून सूक्ष्म, ३८४० व २१६० ठिपक्यांची अल्ट्रा एचडी तबकडी आली. तिला विभागाचे बंधन नाही. मात्र ती साध्या ब्लू-रे यंत्रावर चालत नाही, आणि ज्या घरात फोर-के संच नाही त्या घराने तिच्यासाठी अधिक पैसा घालण्यात अर्थ नाही. जुनी डीव्हीडी नव्या यंत्रावर थोडी बरी दिसते. पण चित्रात मुळात जे टिपलेच गेले नाही, ते कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही.

नवीन म्हणून भाळून जाऊ नये, यालाही दाखला आहे. ब्लू-रेची प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी २००६ साली बाजारात आली. २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबा कंपनीने तिचा नाद सोडला आणि ज्यांनी ती यंत्रे घेतली होती त्यांना नवे चित्रपट मिळेनासे झाले. म्हणून आपणांस हव्या त्या तबकड्या मिळतात कोठे आणि यंत्र बिघडल्यास दुरुस्त कोण करील, हे दोन प्रश्न दुकानात पैसे मोजण्यापूर्वीच विचारावे.

कोणी म्हणेल, आता सारे चित्रपट फोनवर मिळतात, मग हा खटाटोप कशाला? खरे आहे. तथापि डोंगराकडच्या वाड्यांत पावसाळ्यात फोनची रेंज जाते. तबकडी मात्र वीज असेपर्यंत चालते, आणि ती शेजाऱ्याला उसनीही देता येते. याहून मोठी गोष्ट अशी की, फोन घेऊन घरातील चौघे चार कोपऱ्यांत बसतात. तबकडी लावली की चौघांना एका पडद्यापुढे यावे लागते. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर परिपत्रक काढले, तेव्हा या शोधांना देवाच्या देणग्या म्हणूनच गणले होते. देणगी म्हटली की तिचा वापर विवेकाने करणे ओघानेच आले. काय पाहावे हे आईबापांनी ठरवावे, आणि पाहून झाल्यावर मुलांशी त्याविषयी दोन शब्द बोलावे. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत 'बेन-हर' आहे, तसाच 'गांधी'ही आहे. निवडीस आरंभ करण्यास ती यादी उत्तम.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी तो कर्ज काढून मुळीच करू नये. देवळाच्या सभागृहातील एका यंत्रावर अख्खा गाव पाहू शकतो.

त्या घराचे पुढे काय झाले? पुढच्याच शुक्रवारी मी सभागृहातील जुने डीव्हीडी यंत्र पिशवीत घालून त्यांच्याकडे नेले. चित्र अंधुकच होते. चित्रपट संपल्यावर मी आजीबाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "फादर, मागच्या शुक्रवारी यंत्र चालले नाही, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून क्रूसाच्या वाटेची भक्ती केली. नातू रजेवर घरी होता. तोही गुडघे टेकून बसला होता."