खोक्यावरचे वॉट, फ्यूजमधले अँपिअर

अँप्लिफायरच्या खोक्यावर लाल अक्षरांत ‘३००० वॉट’ छापलेलं असतं. मिस्त्री तिकडे बघतही नाही. यंत्र बाहेर काढतो, वायरी बसतात त्या कडेचा फ्यूज नखाने उपसतो आणि त्याच्या डोक्यावरचा आकडा वाचतो : ३०. मग तोंडी हिशेब. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास मिळतात. ३० गुणिले १४ म्हणजे ४२०. त्यातला पाचवा हिस्सा यंत्र तापण्यातच जाणार. उरले साडेतीनशेच्या आत. ‘‘तीन हजार कुठून आणणार हा? गाडीला काय डीपीवरून आकडा टाकलाय?’’

जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडचं दुकान. गाडी धुळ्याची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. धुळ्यातही हे काम करणारे आहेतच, पण तरुणाची सासुरवाडी जळगावची, तेव्हा पारोळा-एरंडोल करत नव्वदेक किलोमीटर येऊन एका खेपेत दोन कामं. त्याची मागणी अहिराणीत आणि अगदी नेमकी : ‘‘दादा, काच हालनी पाहिजे.’’ मिस्त्रीचं उत्तरही त्याच बोलीत : ‘‘काच तं हालीच जाई, पन बॅटरी बी टिकनी पाहिजे ना!’’

पूर्वी अशा कामात आधी कंपनीचा डेक उपटून फेकायचे आणि बाहेरचा बसवायचे. आता तसं जमत नाही. रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, फोनची जोडणी हे सगळं त्या पडद्यामागे गुंतलेलं. म्हणून डेक जागच्या जागी ठेवायचा आणि त्याच्याकडून आवाज ‘मागून’ घ्यायचा. अडचण अशी, की बाहेरच्या डेकला अँपसाठी मागे वेगळे सॉकेट असतात. कंपनीच्या डेकला बहुधा नसतात. त्याच्याकडे फक्त दारातल्या स्पीकरकडे जाणाऱ्या वायरी. तिथूनच सिग्नल उचलायचा, तोही शक्यतो वायर न कापता, कपलरला कपलर जोडून. वायर कापली आणि पुढे काही बिघडलं, तर वॉरंटीच्या काउंटरवर पहिलं बोट तिच्याकडेच जातं.

प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने डॅशबोर्डची कड सैल करताना क्लिपा टक टक सुटतात. इथे घाई केली तर क्लिप तुटते आणि मग आयुष्यभर खडखड. डेक बाहेर आला की मल्टिमीटर. बाहेरच्या डेकमध्ये पांढरी वायर डावी पुढची, करडी उजवी पुढची, हिरवी डावी मागची, जांभळी उजवी मागची, असा ठरलेला रिवाज आहे. गाडी कंपन्या तो पाळतीलच असं नाही. त्यामुळे रंगावर भरवसा नाही, मीटरवर आहे. आणि मीटर एक मजेदार गोष्ट दाखवतो : डेक चालू, आवाज शून्यावर, तरीही स्पीकरच्या प्रत्येक वायरवर बॉडीच्या तुलनेत साधारण ६ व्होल्ट. म्हणजे दोन्ही वायरी जिवंत. त्यातली ‘मायनस’ समजून एखादी बॉडीला टेकवली, तर डेकच्या पोटातला अँप जाण्याचा धोका. उलट याच ६ व्होल्टचा फायदाही घेतात. अनेक नवे अँप हा दाब ओळखून आपोआप जागे होतात, डेक बंद झाला की झोपतात. चालू-बंदसाठी वेगळी वायर ओढायला नको.

दुसरी गंमत मला त्याने मुद्दाम दाखवली. फोनवरून ५० हर्ट्झचा सलग सूर लावला आणि मीटर स्पीकरच्या वायरींवर. आवाज वाढवत नेला तसे व्होल्ट चढत गेले. मग एका टप्प्यानंतर पडद्यावरचा आकडा वाढतोय, मीटर मात्र जागचा हलत नाही. दारातला छोटा स्पीकर फाटू नये म्हणून काही कंपन्या मोठ्या आवाजाला खालचे सूर गुपचूप कापतात. मालकाला वाटतं वूफर कमजोर निघाला. खरं तर वूफरपर्यंत बास पोचलेलाच नसतो. यावर दुरुस्ती करणारे प्रोसेसर मिळतात, पण साध्या कामात तो टप्पा शोधून त्याच्या खालीच जुळवणी करायची.

खरा घाम वीज मागे नेण्यात. बॅटरी बॉनेटखाली, वूफर डिकीत, मध्ये चार-पाच मीटर केबल. केबल घेताना मिस्त्रीने ब्लेडने एक तार खरवडून बघितली : वर तांबूस, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. त्याच जाडीत तिचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, म्हणजे मागे पोचेपर्यंत व्होल्ट गळणार. ती बाजूला ठेवून त्याने निखळ तांब्याची आठ गेजची घेतली. बॅटरीच्या प्लसपासून वीतभरावर फ्यूज. अँपमध्ये फ्यूज आहे, मग हा कशाला, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. हा फ्यूज अँपसाठी नाहीच, केबलसाठी आहे. पत्र्यावर घासून तिची साल गेली, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. केबल लाल होते आणि गालिचा पेटतो. गाड्या जळाल्याच्या बातम्यांत ‘शॉर्टसर्किट’ हा एक शब्द वाचून आपण पान उलटतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. पाच रुपयांच्या त्या रबरासाठी मिस्त्री दुचाकीवर कुणाला तरी पिटाळतो, पण त्याशिवाय केबल ओढत नाही. मला हा माणूस तिथेच पटला.

पॉवरची केबल गाडीच्या एका कडेने, सिग्नलची दुसऱ्या कडेने. एकत्र नेल्या तर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘कुंईंई’ चढत जाते, अल्टरनेटरची शिट्टी. तिचं दुसरं माहेरघर म्हणजे कच्चं अर्थिंग. डिकीतल्या पत्र्यावरचा रंग त्याने सँडपेपरने चमक येईपर्यंत घासला, थिंबल बोल्टने आवळलं, वर गंज न धरण्यासाठी ग्रीस फासलं. सीटबेल्टचा तयार बोल्ट हाताशीच असतो आणि आळशी लोक तिथेच अर्थ देतात. अपघातात ज्याने माणूस धरून ठेवायचा, तो बोल्ट अशा कामासाठी सैल करणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

वूफर १२ इंची, पेटी १८ मिलिमीटर एमडीएफची. जोडण्याआधी त्याच्या तारांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. शंकू बाहेर सरकला, म्हणजे प्लस-मायनस बरोबर. फिल्टर ८० हर्ट्झवर, ‘बास बूस्ट’ शून्यावर. गेनच्या खिटीला लोक आवाजाचं बटण समजतात. ती असते डेकच्या सिग्नलला अँपशी जुळवण्यासाठी. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा हे गणिताने करतो : २५० वॉट, ४ ओहम, गुणाकार १०००, वर्गमूळ ३१ आणि वर थोडं. वूफर काढून ठेवायचा, सूर लावायचा, मीटरवर ३१ व्होल्ट आले की खिटी सोडायची. मिस्त्री कानाने करतो. दोघांच्या जागा केसाएवढ्या फरकाने जुळल्या, आणि मिस्त्रीने पोराकडे असं पाहिलं, की जणू मीटरच पास झालाय.

अँप सीटखाली नको, डिकीत उघड्यावर, हे मात्र त्याने गिऱ्हाइकाला दटावून सांगितलं. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ ला टेकतो. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आतलं तापमान त्याच्याही बरंच वर. सीटखाली हवा नाही, वर धूळ. यंत्र तापून स्वतःला बंद करतं आणि लोक म्हणतात माल खराब. आणखी एक ताकीद : इंजिन बंद करून वरातीसमोर तासभर वाजवायचं नाही. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या घरातली. नवरदेव पोचेल, गाडीला धक्का मारावा लागेल. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे ऐकताना तरुण फोनवर गाणं शोधत होता.

चाचणी गिरणेच्या पुलापर्यंत. डीजेच्या ठेक्यावरचं अहिराणी गाणं लागलं आणि पाठीला सीटमधून धक्के बसू लागले. ५० हर्ट्झची लाट सात मीटर लांब, गाडीची केबिन तिच्या निम्मीही नाही. त्यामुळे आतल्या हवेवर एकदमच दाब चढतो-उतरतो. उघड्या मैदानात हाच वूफर इतका भरीव लागणार नाही. काच हलली. तिच्याबरोबर डिकीवरची नंबरप्लेट, सीटबेल्टचं बक्कल आणि दाराच्या कप्प्यातली नाणीही.

दुकानात परतल्यावर शेवटचा पाऊण तास त्या खडखडीमागे गेला. पोरगा मागे बसून एकेक जागा तळहाताने दाबायचा, मिस्त्री तोच सूर ४० पासून ८० पर्यंत हळूहळू चढवायचा. नंबरप्लेट ५५ ला वाजत होती. तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवली, बक्कलला कापडी टेप गुंडाळली. नाणी तरुणाने स्वतःच काढून खिशात टाकली आणि विचारलं, ‘‘दादा, अजून एक वूफर बसी का?’’

मिस्त्रीने ३० चा फ्यूज पुन्हा उपसून त्याच्या हातात ठेवला.