सात बाद, पालघर चालू

१० ऑक्टोबर २०२५ ला मुंबईच्या रणजी संघाची यादी जाहीर झाली आणि कर्णधार म्हणून नाव आलं शार्दूल ठाकूरचं. अजिंक्य रहाणेने ऑगस्टमध्येच कर्णधारपद सोडलं होतं. तेव्हापासून पालघर, उमरोळी, बोईसर या पट्ट्यात तर्क चालू होते. डहाणू लोकलच्या ठरलेल्या डब्यातल्या ठरलेल्या मंडळींनी दीड महिना आधीच निकाल देऊन टाकला होता, निवड समितीने तो फक्त कागदावर आणला. ४२ वेळा रणजी करंडक जिंकलेल्या संघाची सूत्रं विरारच्याही पलीकडे, वैतरणा खाडी ओलांडून राहणाऱ्या माणसाच्या हाती आली होती.

रणजीचा हंगाम आणि दिवाळी आता एकाच वेळी येतात. २०२४ पासून स्पर्धेचे दोन तुकडे झाले आहेत: साखळीचे पाच सामने नोव्हेंबरपर्यंत, मग मर्यादित षटकांच्या स्पर्धा, आणि उरलेले दोन साखळी सामने व बाद फेरी जानेवारीनंतर. त्यामुळे फराळाचे डबे भरायला घेतात तेव्हाच चाहत्याची आकडेमोडही सुरू होते. यंदा मुंबई 'ड' गटात आहे. सोबत जम्मू-काश्मीर, छत्तीसगड, राजस्थान, हिमाचल प्रदेश, पुदुच्चेरी, हैदराबाद आणि दिल्ली. आठांतले दोनच संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार. निर्णायक विजयाला सहा गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलं तर सात, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला तीन आणि मागे पडलेल्याला एक.

हंगामाआधीची अशी आकडेमोड अमेरिकेतही चालते. तिथे कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि त्याआधीच असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था संघांची क्रमवारी लावून मोकळी होते. हंगामपूर्व क्रमवारीची ही प्रथा तिथे १९५० पासूनची. छोट्या शहरातला चाहता उन्हाळाभर त्या यादीवर भांडतो, आणि मिशिगनसारख्या विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून जास्त माणसं बसतात. रणजीला अशी क्रमवारी नाही आणि लाखाची गर्दीही नाही. इथला चाहता स्वतःच क्रमवारी लावतो, तीही लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने कडी धरून.

पण पालघरच्या चाहत्याचा हिशेब दादर-शिवाजी पार्कवाल्यापेक्षा वेगळा आहे. दादरकर आधी सलामीची जोडी पाहतो, मग तिसरा आणि चौथा क्रमांक. पालघरकर यादी खालून वाचतो. आठव्या क्रमांकावर कोण, नवव्यावर कोण, दहाव्याला बॅट धरता येते का, हे त्याचे प्रश्न. यामागे आपल्या गावच्या माणसाचा अभिमान आहेच, पण गेल्या काही वर्षांचे धावफलकही याच बाजूने बोलतात.

मार्च २०२४ चा तमिळनाडूविरुद्धचा उपांत्य सामना घ्या. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) मैदानावर मुंबईचे १०६ धावांत सात गडी गेले होते. शार्दूलने १०५ चेंडूंत १०९ धावा काढल्या. प्रथम श्रेणीतलं हे त्याचं पहिलंच शतक. मुंबई ३७८ पर्यंत पोचली आणि सामना एक डाव आणि ७० धावांनी जिंकली. पुढच्याच आठवड्यात वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पुन्हा तीच तऱ्हा. १११ वर सहा बाद, आणि शार्दूलच्या ६९ चेंडूंतल्या ७५ धावांमुळे २२४ चा आकडा दिसला. विदर्भ १०५ मध्ये गुंडाळला गेला, मुंबईने १६९ धावांनी बाजी मारली आणि आठ वर्षांनी करंडक घरी आला. त्या मोसमात शेपटाचा पराक्रम शार्दूलपुरता नव्हता. बडोद्याविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात दहाव्या क्रमांकावरच्या तनुष कोटियनने नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकावरच्या तुषार देशपांडेने १२३ धावा केल्या. शेवटच्या जोडीची भागीदारी होती २३२ ची. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं ठोकल्याचं प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं याआधीचं एकमेव उदाहरण १९४६ मधलं, ओव्हलवरचं: चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी.

भारताच्या टोपीतही शार्दूलची गोष्ट हीच राहिली. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला १८६ वर सहा गेल्यावर त्याने वॉशिंग्टन सुंदरसोबत १२३ धावा जोडल्या, स्वतः ६७ केल्या आणि दोन्ही डावांत मिळून सात बळी घेतले. १९८८ नंतर त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया प्रथमच कसोटी हरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओव्हलला १२७ वर सात बाद असताना ३६ चेंडूंत ५७. दुसऱ्या डावात आणखी ६०. पुढच्या जानेवारीत जोहान्सबर्गला ६१ धावांत सात बळी.

हे सगळं घडलं त्याच्या मुळाशी रेल्वेमार्ग आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधी हा सगळा मुलूख ठाण्यात होता. विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती एप्रिल २०१३ मध्ये. म्हणजे शार्दूल शाळकरी असताना पालघरहून मुंबईला जायचं तर शटल, पॅसेंजर किंवा एखादी थांबणारी मेल-एक्स्प्रेस, आणि ती चुकली तर दिवस गेला. पहाटे साडेतीन-चारला उठायचं, किटबॅग खांद्यावर घेऊन फलाटावर यायचं, अडीच तास गर्दीत उभं राहायचं, मग मैदानावर दिवसभर गोलंदाजी, आणि तोच प्रवास उलटा. मोठी किटबॅग घेऊन गर्दीच्या वेळी डब्यात शिरणाऱ्या पोराला या मार्गावर काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते रोज अप-डाऊन करणाऱ्याला सांगायला नको.

बोईसरचा या कथेत वेगळा हक्क आहे. बोईसरच्या शाळेकडून खेळताना शार्दूल बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध उतरला आणि त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. लाडांनी त्याला बोरिवलीला पाठवा म्हणून वडिलांना गळ घातली. अभ्यासाचं वर्ष आणि रोजचा प्रवास, हे जमणार कसं असा घरच्यांचा प्रश्न होता. लाडांनी तो आपल्यापुरता सोडवला: मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढे हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेत याच मुलाने एका षटकात सहा षटकार मारले. लाडांचे चिरंजीव सिद्धेश आज मुंबईच्या मधल्या फळीत आहेत. एकाच छपराखाली राहिलेली दोन मुलं यंदा एका संघात आहेत आणि त्यातला पाहुणा कर्णधार आहे.

२०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा संपवून शार्दूल मुंबई विमानतळावर उतरला आणि अंधेरीहून लोकल पकडून घरी गेला. डब्यातल्या कॉलेजच्या पोरांना शंका आली, त्यांनी मोबाइलवर फोटो शोधून खात्री करून घेतली. हा किस्सा पुढे वर्तमानपत्रांत आला. पालघरच्या फलाटावर मात्र त्याचं फारसं आश्चर्य नव्हतं. घरी जायला दुसरी कुठली गाडी असते?

यंदाच्या आशेला दुसरा आधार आहे विरारचा. आयुष म्हात्रे अवघ्या अठरा वर्षांचा. विरारहून लोकलने सरावाला जात मोठा झालेला हा सलामीवीर. गेल्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा केल्या, त्यानंतर डिसेंबरमध्ये नागालँडविरुद्ध एकदिवसीय सामन्यात १८१. आयपीएलमध्ये ऋतुराज गायकवाडच्या दुखापतीमुळे चेन्नईने त्याला बोलावलं आणि त्याने बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ केल्या. यंदा पावसाळ्यात चेन्नईच्या बुची बाबू स्पर्धेत मुंबईने त्यालाच कर्णधार केलं. कर्णधार पालघरचा, सलामीवीर विरारचा, आणि यष्टिरक्षकाचं आडनाव तामोरे. सातपाटीपासून तारापूरपर्यंतच्या मच्छीमार गावांत हे आडनाव गल्लोगल्ली ऐकू येतं, त्यामुळे हार्दिक तामोरेवर हक्क सांगायला त्या किनाऱ्यावर कुणी पुरावा मागत नाही. २०२२ च्या उपांत्य सामन्यात उत्तर प्रदेशविरुद्ध त्याचं शतक होतं. कोटियन आणि देशपांडेंची ती विक्रमी भागीदारी झाली, त्याच डावात त्याच्याही ११४ धावा होत्या.

विरारचाच पृथ्वी शॉ मात्र यंदा पलीकडच्या गोटात आहे. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा करणारा, रणजी पदार्पणातच तमिळनाडूविरुद्ध शतक काढणारा हा फलंदाज आता महाराष्ट्राकडून खेळतो. हंगामाआधी गहुंजेला झालेल्या सराव सामन्यात त्याने मुंबईच्याच गोलंदाजांवर १८१ धावा काढल्या. त्या दिवशी विरार-डहाणू मार्गावर लोकांना टाळ्या वाजवाव्यात की कपाळाला हात लावावा, ते कळत नव्हतं. गट वेगळा असल्याने साखळीत तरी गाठ पडणार नाही, एवढंच समाधान.

चिंतेची यादीही मोठी आहे. श्रेयस अय्यरने पाठीच्या त्रासामुळे सहा महिने लाल चेंडूपासून विश्रांती घेतली आहे. यशस्वी जयस्वाल एप्रिलमध्ये गोव्याला निघाला होता, नंतर बेत रद्द झाला, पण तो भारतीय संघातून मोकळा होईल तेव्हाच मिळणार. आयुष जानेवारीत १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी झिम्बाब्वे-नामिबियाला गेला तर शेवटच्या दोन साखळी सामन्यांत सलामीला कोण? आणि कर्णधाराचं काय? वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत त्याला भारतीय संघात जागा मिळाली नाही, म्हणून तर तो मुंबईला पूर्ण वेळ लाभला. त्याने धावा आणि बळींचा पाऊस पाडला तर भारतीय संघाची हाक येणार. पालघरच्या चाहत्याला दोन्ही हवं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी मिळणं कठीण.

खरा सल वेगळा आहे. गेल्या जानेवारीत जम्मू-काश्मीरने बीकेसीवर येऊन मुंबईला पाच गडी राखून हरवलं. त्या सामन्यात रोहित शर्मा होता, जयस्वाल, रहाणे, अय्यर, शिवम दुबे होते. भारतीय संघाची निम्मी फलंदाजी उतरली आणि पहिला डाव १२० मध्ये आटोपला. त्यात ५१ एकट्या शार्दूलच्या. दुसऱ्या डावात १०१ वर सात बाद. तिथून शार्दूल ११९, कोटियन ६२, दोघांची भागीदारी १८४. तरीही सामना गेला. पुढच्या सामन्यात मेघालयाविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली, हरयाणाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात एका डावात सहा बळी घेतले, आणि नागपूरला विदर्भाने ८० धावांनी हरवलं तेव्हाही चौथ्या डावात ६६ करून झुंजला. आठव्या क्रमांकाने प्रत्येक वेळी वाचवावं, अशी सवय वरच्या फळीला लागली आहे की काय, ही तक्रार पालघरच्या डब्यात आता मोठ्याने बोलली जाते.

तारापूरच्या वसाहतींत हीच चर्चा वेगळ्या आवाजात चालते. तिथलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, तेव्हा मुंबईच्या सलग पंधरा विजेतेपदांची मालिका (१९५८-५९ ते १९७२-७३) चालू होती. केंद्रात आणि एमआयडीसीत देशभरातून माणसं आली. कर्नाटकातला माणूस आजही १९७४ च्या बंगळुरूच्या उपांत्य सामन्याची आठवण काढतो, कारण ती मालिका तिथे तुटली. मध्य प्रदेशवाला मुंबईने हरलेला २०२२ चा अंतिम सामना काढतो, गुजराती २०१७ चा. रात्रपाळी संपवून निघालेला मुंबईसमर्थक १९३४-३५ च्या पहिल्या विजेतेपदापासून मोजायला लागतो आणि शेवटी ४२ वर येऊन थांबतो. त्यापुढे समोरच्याला फार बोलता येत नाही.

पहिलाच सामना १५ ऑक्टोबरपासून श्रीनगरला आहे, जम्मू-काश्मीरशीच. दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, कर्णधार ३४ वर्षांचा होतो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा त्या सामन्याचा निकाल लागलेला असेल. घरचा पहिला सामना २५ तारखेला, शनिवारी, भाऊबीज आटोपल्यावर दोन दिवसांनी, बीकेसीवर छत्तीसगडशी. बोईसर-पालघरहून वांद्र्याला वेळेत पोचायचं तर पहाटेची गाडी गाठावी लागेल. कुणी करंज्या आणायच्या आणि कुणी चकल्या, हे ठरलं आहे. नाणेफेक जिंकली तर शार्दूलने आधी गोलंदाजी घ्यावी की फलंदाजी, यावर मात्र सफाळ्यापर्यंत आलं तरी एकमत झालेलं नाही.